तालिताचं दुखणं

माकावे, वावाउ
३ मे १९८७

तीर्थस्वरूप सौ. उइनिसेआत्यांच्या चरणी लुपेचा वाकून नमस्कार. वि. वि.

देवाच्या दयेने इथे सगळे आपापल्या पायांवर उभे आहोत. तुम्ही आणि आतोबा तिकडच्या गारठ्यातही उभे असाल अशी आशा करते. आतोबांनी पाठवलेले लोकरीचे मोजे पोचले. धाकट्या फेलेतीने ते एकदा घालून पाहिले, घाम पुसला आणि अंड्यांवर बसलेल्या कोंबडीखाली अंथरले. कोंबडी खूश आहे, असं आतोबांना जरूर कळवा.

व्हॅनिलाच्या शेंगा यंदा चांगल्या भरल्यात. माझं शाळेत शिकवणं नेहमीसारखंच चालू आहे. फेलेतीच्या मालियाचं तान्हं आता बसायला लागलंय आणि फेलेतीला वाटतं, जगात दुसऱ्या कुणाचं मूल आजवर बसलेलं नाही.

इतकं लिहून पेन खाली ठेवलं होतं. आता खरं काय ते लिहिते. बाबांचं बरं नाही, आत्या.

बरेच महिने मी समजूत घालत होते की आईच्या आठवणीने ते असे झालेत. तुम्हाला माहीतच आहे, चर्चमधल्या गाणाऱ्यांत खर्जाला त्यांच्यासारखं कुणी नाही. त्यांनी गाणं सोडलं. पुढच्या बाकावरून उठून अगदी मागे, दारापाशी जाऊन बसायला लागले. उपदेश लांबला की उठून बाहेर जातात. संध्याकाळी पुरुषमंडळींत कावाच्या मुळांचं पाणी प्यायला बसणंही बंद. फेलेतीबरोबर होडीतून लांब जात नाहीत. मला वाटलं, माणूस दुःखात आहे, असू दे एकटं. मीही आई गेल्यावर वर्षभर कुणाशी धड बोलले नव्हतेच की.

पण आता पाय सुजलेत. तोंडाला चव नाही, अळूच्या पानात नारळाचं दूध घालून आवडीचं लू केलं तरी दोन घास खाऊन पान बाजूला सारतात. उचकी लागते ती थांबत नाही. अंग खाजतं. दिवसाही बसल्या बसल्या पेंगतात. शेवटी मीच रडून त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे हल्ली आपली सेइनीआत्याच डॉक्टर आहे, धाकट्या आजोबांची मुलगी. तिने रक्त काढून विमानाने राजधानीला, नुकुअलोफाला पाठवलं. पोट तपासायला झोपा म्हणाली तर बाबा उठून उभे राहिले आणि शर्टाची बटणं वरपर्यंत लावून घेतली. तिने अगदी खाली बघत विचारलं की जाण्यायेण्याचा वगैरे काही त्रास आहे का. बाबा म्हणाले, सगळं उत्तम.

परवा उत्तर आलं. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबलीत. सेइनीआत्या म्हणाली की कशामुळे ते अजून कळत नाही, आणखी तपासायला हवं, नुकुअलोफाला न्या. पण बाबांना ते ऐकूच आलं नाही. ते आईचं नाव घेऊन एवढंच म्हणाले, ‘हे तालिताचं दुखणं आहे. मला त्याची ओळख आहे.’ आणि चालत घरी आले.

त्या दिवसापासून ते शांत आहेत, आणि मला त्या शांतपणाचीच भीती वाटते. व्हॅनिलाची बाग फेलेतीला नेऊन दाखवली, कुठल्या वेलाला काय लागतं ते सांगितलं, जणू तो तिथे कधी गेलाच नव्हता. काल मला म्हणाले, पेटीतली ती बारीक विणीची मोठी चटई काढ आणि उन्हात घाल, कसर लागली असेल. ती चटई कशासाठी असते ते तुम्हाला सांगायला नको, आईला तशाच चटईत गुंडाळून पुरलं होतं. मी घातली उन्हात. दुसरं काय करणार होते?

तुम्ही काहीतरी करा. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.

आतोबांना नमस्कार. माझ्यावरची तुमची माया अशीच राहू दे, सध्या मला ती फार लागते आहे.

तुमची भाची,
लुपे

*

ऑकलंड
१४ मे १९८७

चि. लुपेस, आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. वाचून मी चुलीवरचं भांडं तसंच ठेवलं आणि ते करपलं. तुझ्या आतोबांनी करपलेलं निमूटपणे खाल्लं, यावरून घरात काय वातावरण आहे ते ओळख.

आधी तुला रागावते. इतके महिने गप्प का बसलीस? पाय सुजेपर्यंत वाट बघायची? तालिताच्या वेळी आपण सगळ्यांनी हेच केलं. साखरेने तिची मूत्रपिंडं आतून किती वर्षं पोखरली आणि आपण म्हणत होतो, उन्हाचा थकवा आहे, वयाचा थकवा आहे, पानांचा रस प्या. कळलं तेव्हा उरलं काय होतं? तिला मी इथे आणू शकले नाही हे माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

मी गप्प बसलेली नाही. इथल्या मोठ्या दवाखान्यात जाऊन विचारून आले. रक्त धुण्याचं यंत्र इथे आहे, पण ते इथे राहणाऱ्यांसाठी. तिकडून आणलेल्या माणसाला त्यावर जागा नाही. तिथली बाई सभ्य होती, तिने मला पाणी प्यायला दिलं, पण जागा नाही म्हणजे नाही. रविवारी चर्चमध्ये सगळ्या बायका माझ्याभोवती बसल्या आणि आम्ही प्रार्थना केली. मग घरी येऊन मीही तुझ्यासारखीच माझी मोठी चटई काढून बघितली. देव मला क्षमा करो.

मोसेसेला माझा निरोप सांग. सांग की थोरली बहीण म्हणते, नुकुअलोफाला जायचं. विनंती म्हणून सांगू नकोस. त्याने माझ्यापुढे आजवर मान वर केलेली नाही, या वयात करू नये.

तुझ्या आतोबांचं एक नवल सांगते. तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. ते आधी रडवेले झाले. मग म्हणाले, ते चर्चमधल्या बाकाचं पुन्हा वाच. मी वाचलं. मग म्हणाले, कावा सोडल्याचं पुन्हा वाच. त्यानंतर उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून लिहीत बसले. काय लिहिताय विचारलं तर म्हणतात, जुन्या होडीच्या कामाबद्दल आहे, बायकांना त्यातलं कळत नाही. मी म्हटलं, माझा भाऊ मरायला टेकलाय आणि तुम्हाला होडी सुचते? तर माझ्याकडे असं बघितलं की मी जाऊन करपलेलं भांडं घासायला घेतलं. पाकीट चिकटवून वर दोरा गुंडाळलाय. आपल्या चर्चची मंडळी परवाच्या विमानाने तिकडे येतायत, त्यांच्याबरोबर दोन्ही पत्रं पाठवते. ते पाकीट तू उघडू नकोस, सरळ फेलेतीच्या हातात दे.

जेवत जा. माझा जीव तुझ्यापाशी आहे हे विसरू नकोस.

तुझी आत्या,
उइनिसे

*

ऑकलंड
१४ मे १९८७

मेव्हणे महाराज मोसेसे यांस, होडीच्या मागच्या वल्ह्यावरून सेमिसीचा दंडवत. वि. वि.

हे पत्र एकट्याने वाच. पोरांसमोर नको, आणि लुपेच्या वाऱ्यालाही नको. टेलिफोन केला असता, पण बंदरावरच्या पोस्टात उभं राहून तुला जे ओरडून सांगावं लागलं असतं, ते ऐकायला अर्धं वावाउ जमलं असतं.

मोसेसे, धार कशी पडते?

हसू नकोस. तू पत्र खाली ठेवलंस हे मला इथून दिसतंय. उचल आणि पुढे वाच.

उभं राहिल्यावर किती वेळ थांबावं लागतं? सुरू झाली की थेंबथेंब आणि मध्येच बंद? झाल्यावरही वाटतं ना की अजून आत बरंच राहिलंय? रात्री किती वेळा उठतोस ते विचारत नाही, कारण मोजदाद तूही सोडली असशील. आणि आता एक करायचं. सकाळी उठल्यावर, लघवी करून आल्यावर, बेंबीखाली हात लाव. मऊ लागलं तर मी मूर्ख. कलिंगड ठेवल्यासारखं टणक लागलं, तर तू मूर्ख.

तुझी बहीण लुपेचं पत्र वाचत होती आणि रडत होती. मीही रडत होतो. मग तिने वाचलं की तू दाराजवळच्या बाकावर बसतोस आणि उपदेशातून उठून जातोस. माझं रडं तिथेच थांबलं. गाणं सोडलंस, कावा सोडलास, लांबची होडी सोडलीस. पोरीला वाटतं तू शोकात आहेस. अरे, शोकातला माणूस कावा सोडत नाही, जास्त पितो. मला तो बाक चांगला माहीत आहे. इथल्या चर्चमध्ये त्याच बाकावर मी दोन वर्षं काढलीत.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या बहिणीला ठाऊक आहे की मागच्या थंडीत माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. हर्निया वगैरे काही नव्हता. पुरुषाच्या लघवीच्या वाटेवर एक गाठ असते, सगळ्यांनाच असते, तुलाही आहे. प्रोस्टेट म्हणतात. म्हातारपणी ती वाढते आणि वाट दाबते. माझी लिंबाएवढी झाली होती. डॉक्टर म्हणाला, आणखी थांबला असतास तर पाणी मागे तुंबून मूत्रपिंडं बंद पडली असती. मी विचारलं, मूत्रपिंडं साखरेने जातात ना? तो म्हणाला, साखरेने जातात, रक्तदाबाने जातात, आणि लाजेनेही जातात. लाजेने जाणारी सर्वांत जास्त वाचवता येतात, पण माणसाने तोंड उघडलं तर.

त्या डॉक्टरसमोर मी ज्या स्थितीत पडलो होतो ती तुला भेटल्यावर सांगेन, आणि तू मला आयुष्यभर चिडवशील. चिडव. पण त्यासाठी तुला आयुष्य पाहिजे.

सेइनीने विचारलं तेव्हा तू सगळं उत्तम म्हणालास. मला कळतं. चुलत असली तरी बहीण ती बहीण. मीही खरं सांगितलं नसतं. म्हणून फेलेतीला घे, तो पुरुष आहे आणि लग्न झालेला आहे, मरणार नाही ऐकून. तो सेइनीला एवढंच सांगेल की वाट तुंबलेली आहे. ती डॉक्टर आहे, तिला कळेल.

आपण देवमाशामागे जायचो तेव्हा पुढे भाला घेऊन तू उभा असायचास आणि मी मागे वल्ह्यावर. तू कधी मागे वळून पाहिलं नाहीस, मी ओरडलो की उडी मारायचास. आता ओरडतोय.

तुझ्या उत्तराची वाट बघत, आणि तुझ्यावर पूर्वीइतकाच चिडून प्रेम करणारा,
सेमिसी

*

माकावे
२८ मे १९८७

तीर्थस्वरूप आतोबांस, फेलेतीचा नमस्कार. वि. वि.

बाबांनीच लिहायला सांगितलंय. त्यांच्या हाताला सलाइन आहे.

तुमचं पाकीट ताईने माझ्या हातात दिलं, मी बाबांना दिलं. ते घेऊन बागेत गेले. बऱ्याच वेळाने परत आले ते कान लाल करून. मला विहिरीपलीकडे घेऊन गेले आणि झाडाकडे बघत म्हणाले, ‘तुझ्या आतोबाला माझ्या पोटात कलिंगड आहे हे ऑकलंडहून कसं दिसलं?’ मग मला सगळं सांगितलं. आतोबा, मला काही वर्षांपासून दिसत होतं की ते माडांमागे फार वेळ उभे असतात. मी समजायचो, आईसाठी प्रार्थना करतात.

मी लगेच दवाखान्यात गेलो. सेइनीआत्यापुढे उभा राहिलो तर आधी पावसापाण्याचंच बोललो. शेवटी म्हटलं की आतोबांनी कळवलंय, आपल्या घराची खालची पन्हळ तुंबली आहे. मग तिने डोक्याला हात लावला आणि म्हणाली, ‘त्यांना आत्ताच्या आत्ता घेऊन ये, चालवू नकोस.’

बाबांना आत झोपवलं. दोन पुरुष परिचारक होते. सेइनीआत्या दाराबाहेर आमच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि तिथून एकेक गोष्ट सांगत होती, नळी कोणती घ्या, किती हळू घाला, एकदम सगळं सोडू नका. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. आणि मग आतोबा, पाणी यायला लागलं. बादली भरली. परिचारक दुसरी आणायला धावला. बाबांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की मला वाटलं प्राण गेला. पण ते रडत होते. म्हणाले की असं हलकं त्यांना कधी वाटलं होतं ते आठवतही नाही.

त्यानंतरचे दोन दिवस मात्र वाईट गेले. वाट मोकळी झाल्यावर मूत्रपिंडं जणू वेडी झाली, जेवढं पाणी अंगात होतं तेवढं ओतायला लागली. बाबांचे ओठ सुकले, रक्तदाब खाली गेला, ते मला ओळखेनात. सेइनीआत्या खुर्ची टाकून बसून राहिली. जेवढं बाहेर जाईल तेवढ्या हिशेबाने मिठाचं पाणी शिरेतून आत. तिने मला सांगितलं होतं की असं होऊ शकतं, म्हणून मी पळालो नाही, एवढंच. आज सकाळपासून ते ताळ्यावर आहेत. उचकी गेली. मघाशी त्यांनी भाजलेला नीरफणस मागितला.

आता तुमची मदत हवी. मी हे सगळं ताईला कसं सांगू? ती रोज दवाखान्याच्या पायऱ्यांवर येऊन बसते आणि विचारते, झालं काय होतं? मी म्हणतो, बरं आहे. ती विचारते, कसं बरं झालं? मी म्हणतो, देवाची कृपा. ती आता माझ्याशी बोलत नाही. आमच्या घरात रेडिओवर चावट गाणं लागलं तरी आम्ही दोघं दोन दारांनी बाहेर जातो, आणि आता मी बहिणीपुढे बादल्यांचं वर्णन करू? तुम्ही हे आत्यांना सांगा, आत्या नीट शब्दांत ताईला लिहितील.

मोज्यांबद्दल ताईने चुगली केली हे कळलं. कोंबडीला आठ पिल्लं झालीत, त्यातलं एक तुमच्या नावाचं.

तुमचा,
फेलेती

*

ऑकलंड
८ जून १९८७

चि. लुपेस, आत्याचे अनेक आशीर्वाद आणि एक मोकळा श्वास.

तुझ्या भावाने त्याच्या आतोबांना कळवलं, आतोबांनी मला सांगितलं, मी तुला सांगते. तुमची दोन घरं एका अंगणात आहेत आणि बातमी समुद्र ओलांडून येऊन-जाऊन मग तुला मिळते आहे. पण रीत ती रीत, आणि मी ती मोडणारी नाही.

तर ऐक. तुझ्या वडिलांच्या शरीरातून जे बाहेर जायला हवं ते पुष्कळ दिवस नीट बाहेर जात नव्हतं. पुरुषांना उतारवयात होतं. यापुढे मी लिहिणार नाही आणि तू विचारणार नाहीस. वाट मोकळी केली, जे साठलं होतं ते गेलं. हे तालिताचं दुखणं नाही. त्याची मूत्रपिंडं मेलेली नव्हती, बुडालेली होती.

हे सगळं सांगताना तुझे आतोबा माझ्याकडे न बघता खिडकीतून बाहेर बघत होते. मी विचारलं की तुम्हाला हे लुपेच्या एका पत्रावरून कसं कळलं. तेव्हा त्यांनी त्यांच्या हर्नियाचं खरं सांगितलं. चाळीस वर्षांचा संसार आहे आमचा, लुपे. त्यांची पट्टी मी स्वतःच्या हाताने बदलली होती आणि मनात म्हणाले होते, हर्निया मोठा विचित्र जागी आहे. मी तेव्हा बोलले नाही, कारण मला वाटलं त्यांना लाज वाटेल. आता मी त्यांना रोज दोनदा विचारते, हर्निया कसा आहे?

चटई आत ठेवली आहे, डांबराच्या गोळ्या घालून. तूही ठेव.

तुमच्या सर्वांवरचा माझा लोभ आहेच, पण आज तो जरा जास्त आहे.

आत्या

*

माकावे
२० जून १९८७

तीर्थस्वरूप आत्यांच्या चरणी लुपेचा नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र आज हातात पडलं तेव्हा मी हसत सुटले, कारण तोवर मला बरंचसं कळलं होतं. सेइनीआत्याने सांगितलं. आता तुम्ही विचाराल की कळलंच होतं तर तुम्हाला इतके शब्द निवडायला का लावलं. पण तुमचं ते ‘मेलेली नव्हती, बुडालेली होती’ मी पाठ केलं आहे.

ते दिवस माझे कसे गेले ते सांगते. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी बसून होते. फेलेती आतून येई, डोळे सुजलेले, आणि तोंडाने म्हणे, बरं आहे. एकदा तर तो रिकामी बादली घेऊन माझ्यासमोरून धावत गेला आणि मला पाहून त्याने ती पाठीमागे लपवली. मला वाटलं बाबा रक्त ओकताहेत. मी तिथेच पायरीवर डोकं टेकलं आणि आईला म्हटलं, ये आता, घेऊन जा, मला हे बघवत नाही. इतकं मी आईच्या वेळीही कोसळले नव्हते.

बाबा शुद्धीवर आल्यावर सेइनीआत्या बाहेर आली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली. मी तिला विचारलं की आई गेली आणि बाबा राहतील असं तू म्हणतेस, ते कसं? मूत्रपिंडं दोघांचीही बंद पडली ना?

तिने समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. म्हणाली, नळाला पाणी नाही आलं तर तू काय काय बघतेस? एक तर पाऊसच नसेल, छपरावरून टाकीत काही उतरतच नसेल. तसं माणसाचं होतं. हगवणीने अंगातलं पाणी जातं, बाळंतपणात रक्त जातं, मूत्रपिंडांपर्यंत काही पोचतच नाही, ती बंद पडतात. मालियाचं झालं होतं तसं. आठवडाभर आपण सगळे घाबरलो होतो, रक्त चढवलं आणि ती पूर्ववत झाली. दुसरं म्हणजे टाकीलाच तडे गेले असतील. साखर, रक्तदाब, लहान मुलांच्या अंगावरच्या चिघळलेल्या फोडांनंतर येणारी सूज, नको ती औषधं, ही सगळी टाकीच खातात. आईची टाकी साखरेने आतून हळूहळू खाल्ली होती आणि तसे तडे बुजत नाहीत. आणि तिसरं, टाकी भरलेली आहे, पण खाली नळ गच्च बसला आहे. पाणी आतल्या आत चढत जातं आणि भिंती फुगतात. बाबांचं हे. नळ वेळेत मोकळा झाला तर भिंती बऱ्याच सावरतात. मग ती म्हणाली की ही उपमा जरा लंगडी आहे, मूत्रपिंड काही टाकी नव्हे, परीक्षेत असं लिहिलं असतं तर तिला नापास केलं असतं.

मी म्हटलं, मग बाबा अगदी पहिल्यासारखे होतील? तिने खोटं सांगितलं नाही. म्हणाली की जे एकदम बंद पडतं ते बहुतेक पुरतं परततं. हे वर्षानुवर्षं तुंबत आलं होतं, म्हणून काही भाग गेला तो गेला. मीठ सांभाळावं लागेल, रक्त तपासत राहावं लागेल. पण यंत्र लागणार नाही. मग म्हणाली, ‘मी त्यांना पोट दाबू द्या म्हटलं आणि ते उठून गेले, तेव्हा मी त्यांच्या मागे जायला हवं होतं. पण मी त्यांची धाकटी बहीण झाले आणि तिथेच उभी राहिले.’ मी म्हटलं की आमच्या घरात सगळेच तिथे उभे होते.

फेलेतीशी मी बोलायला लागले आहे. काल त्याला म्हटलं, मला सगळं कळलं. तो इतका लाजला की कोयता तिथेच टाकून बागेत निघून गेला. त्याच्या मागून मी मोठ्याने हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा असेल.

आतोबांना सांगा की त्यांच्या पत्राने माझे वडील मला परत दिले. त्यात काय होतं ते मी कधी विचारणार नाही. आणि त्यांच्या हर्नियाला माझा नमस्कार.

तुमच्या मायेच्या सावलीत असलेली,
लुपे

*

माकावे
१३ सप्टेंबर १९८७

तीर्थस्वरूप सौ. ताईस, मोसेसेचा नमस्कार. वि. वि.

देवाचे उपकार की हे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहितो आहे.

नुकुअलोफाहून येऊन आता बरेच दिवस झाले. तिथे माझं जे काही करायचं होतं ते व्यवस्थित झालं. काय केलं ते तुझे यजमान सांगतील. त्यांनी मला एक पत्र पाठवलं होतं, त्यातली भाषा माझ्या बहिणीच्या नवऱ्याला शोभणारी नव्हती. ते मी जपून ठेवलंय.

सेइनीने परवा पुन्हा रक्त तपासलं. समाधान वाटलं तिला. मूत्रपिंडांचं पहिल्यासारखं नाही, पण माझ्या वयाच्या माणसाला पुरेल इतकं आहे असं म्हणाली. लूमध्ये मीठ घालायचं नाही हा लुपेचा हुकूम आहे. बिनमिठाचं लू म्हणजे काय हे तुला लिहून कळणार नाही.

ताई, एक गोष्ट सेमिसीला लिहिली नाही, तो हसेल. तुला लिहितो.

मला मरणाची भीती वाटत नव्हती. रक्ताचं उत्तर आलं तेव्हा मला एक प्रकारे बरंच वाटलं होतं. तालिता ज्या वाटेने गेली ती मला पायाखालची होती. तिचे पाय सुजले तेव्हा मी रोज तेल लावत असे. माझे सुजले तेव्हा वाटलं, हिने मला हाक मारली. उचकी लागली की मी मनात म्हणायचो, बघ, तुझ्यासारखीच. लुपे रडत होती आणि मी आतून तालिताशी बोलत होतो. तिच्या आजारात तरी आम्ही दोघं एकत्र होतो. म्हणून मी नुकुअलोफाला जात नव्हतो. तुझा हुकूमही मोडणार होतो, त्याची क्षमा कर.

मग सेइनी म्हणाली की हे ते नव्हेच. सगळे हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर तिच्या कबरीपाशी जाऊन बसलो, आणि ताई, मला फार एकटं वाटलं. ती गेली त्या दिवशी वाटलं होतं त्याहून जास्त. मी तिला म्हटलं, तुझं दुखणं तुझंच होतं, मला त्यातलं काही मिळालं नाही. आणि तिचं उत्तर मला स्पष्ट ऐकू आलं, जसं ती जेवताना म्हणायची तसं: ‘माझ्या पानातलं उचलून खायची तुझी खोड अजून गेली नाही का रे?’

तिथे बसून मी हसलो. रडलोही असेन. मग कबरीवरचं गवत काढलं, पांढरी वाळू नीट पसरली आणि घरी येऊन जेवलो.

आता शेवटची बातमी, म्हणजे लुपे तुला तिखटमीठ लावून कळवायच्या आत. काल आमच्या इथे कोनफळं लावायची होती. गावातली पुरुषमंडळी उजाडायच्या आत शेतावर जमली. माझंच शेत, मीच पुढारी, आणि मी नाही. त्यांनी वाट बघितली. ऊन चढलं. आजवर असं झालेलं नाही, म्हणून काहीजण घराकडे आले. दार बंद, हाक मारली तर उत्तर नाही. लुपे शाळेत गेलेली, फेलेती बियाणं आणायला. खिडकीतून पाहिलं तर मी उताणा, तोंड उघडं. कुणीतरी टोपी काढली. शेजारची म्हातारी पाओंगो तर रडायलाच बसली, आणि रडताना माझे गुण एकेक करून सांगायला लागली. त्या आवाजाने मला जाग आली. पण गुण बरे सांगत होती, म्हणून मी थोडा वेळ डोळे मिटून ऐकत पडलो. मग ती माझ्या गाण्याबद्दल चुकीचं काहीतरी बोलली आणि मला उठावं लागलं.

बाहेर जी पळापळ झाली ती तू पाहायला हवी होतीस. शेताकडे गेलो तर त्यांनी माझ्याविना अर्धी लावणी उरकलेली, आणि सगळ्या ओळी वाकड्या. उगवतील तशा उगवू देत.

ताई, आदल्या संध्याकाळी आडवा झालो तो थेट उन्हालाच उठलो. मध्ये एकदाही नाही. अशी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. ती कशी लागली हे भावाने बहिणीला सांगायचं नसतं. सेमिसीला विचार.

तुझा हात माझ्या डोक्यावर असू दे, आणि त्याचा माझ्या पाठीवर.

तुझा भाऊ,
मोसेसे